कॉब्लरसाठी दालचिनी कोणती? एकच कृती, पाच प्रकारच्या साली

आधी निकाल सांगतो. सफरचंदाचा कॉब्लर, म्हणजे फळांवर पिठाचे गोळे भाजून केलेला गोड पदार्थ, करणार असाल तर किराणा दुकानात सुटी मिळणारी जाड, लालसर दालचिनी घ्या, ती घरी दळा आणि सिलोनच्या (श्रीलंकेच्या) महागड्या सुरळ्यांवर पैसे घालू नका. पीच किंवा नाशपाती वापरणार असाल तर उलट करा. तिथे सिलोनची किंवा कोकणातली दालचिनीच हवी, किराण्यातली जाड साल त्या फळांचा वास दाबून टाकते. पाकिटातली तयार पूड दोन्हींसाठी शेवटच्या क्रमांकावर आहे, ब्रँड कुठलाही असो.

हा निकाल कशावरून, ते पुढे आहे. फळ, साखर, लोणी, पीठ, भांडं आणि तापमान तेच ठेवून फक्त दालचिनी बदलली की फरक स्पष्ट कळतो, आणि कॉब्लर त्यासाठी फार चांगला पदार्थ आहे. त्यात दालचिनीला लपायला जागा नसते. मसाल्याच्या चहात आलं आणि वेलची असते, गोड्या मसाल्यात तर दहा-बारा जिन्नस. इथे फळ, लोणी आणि दालचिनी एवढंच.

ज्यांनी कॉब्लर खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडं. हा अमेरिकेतला, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांतला घरगुती गोड पदार्थ. १८३९ साली छापलेल्या केंटकीतल्या एका पाककृतींच्या पुस्तकातही पीचच्या कॉब्लरचा उल्लेख आहे, आणि आजही जॉर्जिया, अलाबामा, टेक्सास या भागांत कॉब्लर म्हटलं की आधी पीचच आठवतो. खोलगट भांड्यात फळांच्या फोडी साखर-दालचिनीत रटरटतात आणि त्यांच्यावर पिठाचे गोळे भाजले जातात. अमेरिकन लोक त्या गोळ्यांना बिस्किट म्हणतात, पण ते चहात बुडवायचं बिस्किट नव्हे. वरून खरपूस, आतून मऊ, पाव आणि खारी यांच्या मधलं काहीतरी. ओट्सचा कुरकुरीत थर असेल तर तो क्रिस्प, नुसता लोणी-मैद्याचा चुरा असेल तर क्रम्बल. टेक्सासकडे भांड्यात लोणी वितळवून त्यावर सरसरीत पीठ ओततात आणि वर फळ पसरतात. भाजताना पीठ फुगून फळाच्या वर येतं. तोही कॉब्लरच, पण दालचिनी पारखायला गोळ्यांचा प्रकार बरा, कारण त्यात फळाचा रस आणि पीठ वेगळे राहतात आणि दालचिनी कुठे काय करते आहे ते जिभेला कळतं.

मापाची कृती

आठ जणांना पुरेल असं २३ सेंटिमीटरचं चौकोनी काचेचं किंवा सिरॅमिकचं भांडं, साधारण दोन लिटरचं. २८ ते ३० लिटरच्या ओटीजीमध्ये, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, ते आरामात बसतं.

फळासाठी सव्वा किलो सफरचंदं. सालं आणि बिया काढल्यावर सुमारे एक किलो फोडी उरतात. फोडी ६-७ मिलिमीटर जाडीच्या कापा. पातळ कापल्या तर मुरंबा होतो, जाड कापल्या तर मध्ये कच्च्या राहतात. सफरचंद निवडताना लालभडक, मोठं, जुनं रॉयल डिलिशियस टाळा. शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेलं हे फळ भाजल्यावर पिठूळ होतं आणि आकार सोडतं. हिरवं ग्रॅनी स्मिथ उत्तम. ते नसेल तर हंगामातलं ताजं, दाबल्यावर कडक लागणारं, आंबटगोड सफरचंद घ्या आणि लिंबू थोडं वाढवा. या फोडींना १०० ग्रॅम ब्राउन शुगर, १५ मिलिलिटर लिंबाचा रस, १२ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, २० ग्रॅम लोण्याचे तुकडे आणि दालचिनी. दालचिनीचं माप प्रकारानुसार बदलतं, ते पुढे येईल. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरंशुभ्र स्टार्च. भाकरीचं मक्याचं पीठ वापरलं तर रस खरखरीत आणि गढूळ होतो.

पीच घेतला तर कॉर्नफ्लोअर २० ते २२ ग्रॅम करा, कारण पीचला पाणी फार सुटतं. साखर ८० ग्रॅम पुरते. डबाबंद पीच असतील तर पाक पूर्ण निथळून टाका आणि साखर निम्मी करा. गुळाची पावडर घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. सफरचंदात ती चालते, पण गुळाला स्वतःचा काकवीसारखा वास असतो आणि तो नेमका दालचिनीच्या वाटेत येतो. दालचिनी पारखायची असेल तर गूळ नको.

वरच्या गोळ्यांसाठी २०० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम बेकिंग पावडर, पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा, ८५ ग्रॅम फ्रिजमधलं कडक लोणी, १०० ग्रॅम आंबटसर दही आणि ६० मिलिलिटर दूध. अमेरिकेत इथे बटरमिल्क घालतात. दही-दूध फेटून घेतलं की तेच काम होतं. आपलं ताक मात्र फार पातळ, ते घातलं तर गोळे पसरतात. सोडा दह्याच्या आंबटपणावर फुलतो, म्हणून दही गोड असेल तर चमचाभर लिंबू पिळा, नाहीतर गोळ्यांना साबणासारखी चव येते. लोणी खारं असेल, आणि दुकानातलं पिवळं लोणी बहुधा खारंच असतं, तर पिठात वेगळं मीठ घालू नका.

ओटीजी १९० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. फळ, साखर, दालचिनी, कॉर्नफ्लोअर, लिंबू सगळं भांड्यातच कालवा, वर लोण्याचे तुकडे टाका आणि आधी नुसतं फळ २० ते २५ मिनिटं भाजा. ही पायरी गाळायची नाही. थंड फळावर पिठाचे गोळे ठेवले तर फळ उकळेपर्यंत गोळ्यांचा वरचा भाग भाजून तयार होतो आणि खालचा भाग रस पिऊन कच्चा, चिकट राहतो. कॉब्लर बिघडण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि लोक त्यासाठी उगाच बेकिंग पावडरला दोष देतात. उकळत्या फळावर गोळा पडला की त्याची खालची बाजू ताबडतोब वाफेवर शिजायला लागते.

फळ ओव्हनमध्ये असताना पीठ करा. सुकं साहित्य चाळून घ्या. बेकिंग पावडरची एक गुठळी राहिली तरी तेवढा घास कडू लागतो. लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळा, तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे राहू द्या. हेच तुकडे भाजताना वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि गोळा पदरापदरांनी फुलतो. उन्हाळ्यात स्वयंपाकघर चौतीस-पस्तीस अंशांवर असताना लोणी हातातच वितळतं. तेव्हा ते गोठवून किसणीवर किसा, पिठात उधळा आणि भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. शेवटी दही-दूध घालून काट्याने जेमतेम एकत्र करा. मळायचं नाही. पीठ ओबडधोबड, ओलसर, चमच्यावरून जड पडेल असं हवं.

उकळत्या फळावर ५० ते ५५ ग्रॅमचे नऊ गोळे सोडा, दोन गोळ्यांमध्ये बोटभर जागा ठेवून. ही जागा वाफेला बाहेर पडायला लागते. पीठ अखंड पसरलं तर वाफ आतच कोंडते. मग २५ ते ३० मिनिटं भाजा. मधला गोळा उचलून खालून बघा. तिथे ओलं, चकाकणारं पीठ दिसलं तर अजून पाच मिनिटं. खाद्यपदार्थांचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यावर ९५ अंश यायला हवेत. रसाकडेही बघा. कडेला भराभर फुटणारे पातळ बुडबुडे पुरेसे नाहीत. मध्यभागीसुद्धा जाड, सावकाश फुटणारे बुडबुडे दिसले म्हणजे कॉर्नफ्लोअर शिजलं. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका. तेवढ्यात रस आळतो आणि कॉब्लर कोमटाहून जरा गरम राहतो. दालचिनीचा वास याच तापमानाला सर्वांत छान लागतो, अगदी कढत असताना नुसता तिखटपणा जाणवतो.

आता साली

बाजारात दालचिनी या एकाच नावाखाली वेगवेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. झाडं एकाच कुळातली, पण चव वेगळी.

किराण्यात मिळणारी साल ही बहुतेक वेळा कॅशिया असते, चीन किंवा व्हिएतनामहून आलेली. गुजराती दुकानदार तिला तज म्हणतात आणि मसालेवाल्यांकडेही हा शब्द चालतो. ओळखायला सोपी: साल जाड, एकच थर, कडक, रंग लालसर तपकिरी, आणि सुरळी असेल तर दोन्ही कडा आत वळलेल्या. हाताने मोडायला जोर लागतो. हिच्या तेलाचा फार मोठा भाग सिनॅमाल्डिहाइड असतो, दालचिनीला दालचिनीपण देणारा घटक. म्हणून हिची चव सरळ, गोड-तिखट, जिभेवर गरम. सफरचंदाचा आंबटपणा, ब्राउन शुगरचा कॅरमेलसारखा वास आणि लोणी या तिघांच्या गर्दीतून वर यायला असाच आवाज लागतो. एक किलो फोडींना ४ ग्रॅम, म्हणजे दीड सपाट चहाचा चमचा. सहा ग्रॅमच्या पुढे गेलात की कडवट, सालीसारखी तुरट चव यायला लागते. घेताना एक काडी मोडून वास घ्या आणि टोक चावून बघा. पाच-सात सेकंदांत गोड तिखटपणा आला नाही तर ती साल जुनी आहे किंवा तिच्यातलं तेल आधीच काढून घेतलं आहे. चपटे, काळपट, बाहेरून खडबडीत, बुरशीच्या शेवाळी डागांचे तुकडे नको.

सिलोनची दालचिनी श्रीलंकेची. वह्यांच्या कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळून केलेली, सिगारसारखी भरीव सुरळी, रंग फिका, पिवळसर तपकिरी, बोटांनी चुरडते. जेवढी सुरळी बारीक तेवढी प्रत वरची. सर्वांत वरच्या प्रतीला अल्बा म्हणतात, तिच्या सुरळीचा व्यास सहा मिलिमीटरच्या आत असतो. त्याखाली सी-५, सी-४ अशा प्रती. २०२२ च्या फेब्रुवारीत युरोपीय संघाने ‘सिलोन सिनॅमन’ला भौगोलिक निर्देशांक दिला, श्रीलंकेच्या मालाला मिळालेला तो असा पहिलाच. हिच्यात सिनॅमाल्डिहाइडच्या जोडीला युजेनॉल असतो, जो लवंगेत असतो तोच, आणि फुलांसारखा वास देणारे आणखी काही घटक. त्यामुळे चव हलकी, किंचित लिंबासारखी, शेवटी लवंगेचा स्पर्श. आता हीच दालचिनी ब्राउन शुगर आणि आंबट सफरचंदात घातली की ती हलकी बाजू विरून जाते आणि उरतं ते फिकं काहीतरी. सहा ग्रॅम घातली तरी कॅशियाच्या चार ग्रॅमची बरोबरी होत नाही. भाव मात्र कॅशियाच्या कितीतरी पट. सफरचंदावर हा खर्च वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पीचवर चित्र बदलतं. पीचचा स्वतःचा वास नाजूक, बदाम आणि फुलांच्या मधला. कॅशिया त्याला झाकते. खाणाऱ्याला दालचिनी कळते, फळ कळत नाही. सिलोन फळाच्या बाजूला उभी राहते. एक किलो पीचला ५ ग्रॅम सिलोन, पांढरी साखर आणि ब्राउन शुगर निम्मी-निम्मी, आणि लिंबाची किसलेली साल अर्धा चमचा. नाशपातीलाही हेच माप.

कोकणातल्या दालचिनीबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण ती आपल्या जवळ असून तिची दखल कमी घेतली जाते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोंकण तेज’ ही जात काढली, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळ-सुपारीच्या बागांत जायफळ, मिरी यांच्याबरोबर दालचिनीचं आंतरपीक घेतलं जातं. झाड सिलोनच्याच जातीचं. रोपं मोठी होऊ न देता छाटतात, बुंध्यातून फुटणारे सरळ फुटवे अंगठ्याएवढे जाड झाले की कापतात, वरची खरबरीत त्वचा खरवडून आतली साल सोडवतात आणि सावलीत सुकवतात. श्रीलंकेत पिढ्यान्‌पिढ्या साल सोलणारे कारागीर आहेत, ते सुरळीत सुरळी भरतात. कोकणात घरगुती पातळीवर सोललेली साल बहुधा सुटी, थोडी जाड असते. खरवडणी नीट झालेली असेल तर पूड सिलोनच्या अगदी जवळ जाते, किंचित जास्त तिखट, लवंगेचा स्पर्श तसाच. खरवडणी अर्धवट असेल तर लाकडासारखी तुरट चव येते. घेताना सालीची बाहेरची बाजू बघा: गुळगुळीत, एकसारखी फिकी हवी, राखाडी चट्टे नकोत. एक किलो फळाला ५ ग्रॅम. पीचला तर चांगलीच, पण सफरचंदालाही सिलोनपेक्षा ही बरी लागते. निम्मी कोकणची आणि निम्मी किराण्यातली असं मिश्रण करून बघा, प्रत्येकी सव्वादोन ग्रॅम. आंबट सफरचंदासाठी याहून चांगलं प्रमाण नाही. आधी कॅशियाची ऊब, मग मागून लवंगेचा वास.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी दोन प्रकार आणखी. तिथल्या दुकानात नुसतं ‘सिनॅमन’ लिहिलेली बाटली बहुतेक वेळा इंडोनेशियाची असते, सुमात्रातल्या केरिंची भागावरून तिला कोरिंत्जे म्हणतात. गोडसर, मवाळ, गोलसर चव, तिखटपणा बेताचा. अमेरिकन माणसाच्या जिभेवरचा सफरचंदाचा कॉब्लर खरं तर याच सालीचा. ४ ते ४.५ ग्रॅम घाला, बिघडत नाही. दुसरी ‘सायगॉन’ म्हणून मिळणारी व्हिएतनामी. हिच्यात तेलाचं प्रमाण सगळ्यांत जास्त, वास डबा उघडताच नाकात जातो. इथे हात आखडता हवा: अडीच ग्रॅम पुरेत. सवयीने चार घातले की जीभ बधिर होते आणि फळ कुठलं हेही कळत नाही. कॅशियाच्या सगळ्या सालींत थोडा चिकट अंश असतो, पाण्यात भिजला की तो बुळबुळीत होतो. सायगॉनची पूड जास्त झाली आणि वर कॉर्नफ्लोअरही असलं तर रसाला भेंडीसारखी तार येते. त्यामुळे सायगॉन वापरताना कॉर्नफ्लोअर दोन ग्रॅमनी कमी करा.

तयार पुडीला शेवटचा क्रमांक का? साल दळली की तिच्यातलं तेल उडायला लागतं. कारखान्यात दळून, गोदामात, मग दुकानाच्या फळीवर काही महिने काढलेली पूड घरी येते तेव्हा तिच्यात रंग असतो, वास अर्धा. पाच ग्रॅम घातली तरी कॉब्लर तपकिरी दिसतो आणि लागतो सपाट. शिवाय पूड झाली की ती कुठल्या सालीची हे डोळ्यांना कळत नाही, आणि भेसळीला वाव राहतो. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत सफरचंदाच्या प्युरीची पाकिटं परत मागवावी लागली, कारण त्यातल्या दालचिनीच्या पुडीत शिसं सापडलं. मार्च २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतल्या काही दालचिनी पुडींबद्दलही इशारा दिला. अख्खी साल बघून, मोडून, चावून घेता येते. हा फायदा मोठा आहे.

दळणं अवघड नाही. १० ग्रॅम साल खलबत्त्यात ठेचून अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचे तुकडे करा. अख्खी काडी मिक्सरमध्ये टाकली तर कॅशिया पात्यांना दाद देत नाही आणि नुसती तापते. तवा मंद गरम करून तुकडे अर्धा मिनिट फिरवा. भाजायचं नाही, फक्त ओल घालवायची. पूर्ण थंड झाल्यावर चटणीच्या लहान भांड्यात दहा-दहा सेकंद थांबत दळा आणि मैद्याच्या चाळणीतून चाळा. सुमारे आठ ग्रॅम बारीक पूड मिळते. वर उरलेला जाडसर भाग चहात वापरा. चाळणं सोडू नका, मऊ फोडीत कॅशियाचा कडक कण दाताखाली वाळूसारखा लागतो. सिलोन आणि कोकणची साल खलबत्त्यातच बरीच बारीक होते. दळलेली पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा आणि महिनाभरात संपवा.

किती आणि केव्हा

दालचिनी फळात आधी घालायची, कारण तिचा वास तेलात आणि लोण्यात उतरतो, पाण्यात फारसा नाही. फळावरचे लोण्याचे तुकडे केवळ चवीसाठी नाहीत, तेच दालचिनीचे वाहक आहेत. आणखी चांगलं करायचं तर ते २० ग्रॅम लोणी कढल्यात मंद आचेवर वितळवा, पूड घालून वीस सेकंद ढवळा आणि फोडींवर ओता. आच मोठी असेल तर पूड करपते आणि कडू होते.

गोळ्यांच्या पिठात दालचिनी घालू नका. अनेक कृतींत ती असते. त्याने गोळा मळकट दिसतो आणि फळ व पीठ यांतला फरक पुसला जातो. त्याऐवजी १५ ग्रॅम साखरेत अर्धा ग्रॅम पूड मिसळा आणि भाजण्याची शेवटची दहा मिनिटं उरली की गोळ्यांवर भुरभुरा. सुरुवातीपासून भुरभुरली तर ओटीजीच्या वरच्या कांबीखाली ती करपते.

ओटीजीबद्दल एवढंच. भांडं खालच्या जाळीवर ठेवा, दोन्ही कांबी चालू ठेवा, आणि वरून लवकर रंग चढायला लागला तर फॉइल सैल झाका. डायलवरचं तापमान आणि आतलं तापमान यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत टांगायचा छोटा थर्मामीटर घ्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १८० अंशांवर, कमी उंचीच्या स्टँडवर जमतं. कढईत मीठ तापवून किंवा कुकरमध्ये केलेला कॉब्लर शिजतो, पण वरून उष्णता नसल्यामुळे गोळे पांढरेच राहतात आणि दालचिनी-साखरेचा थर ओला होतो. त्या पद्धतीची शिफारस नाही.

लहान मुलं खाणार असतील तर एक हिशेब लक्षात ठेवा. कॅशियात कूमारिन नावाचा घटक असतो; तो जास्त प्रमाणात, रोज पोटात गेला तर संवेदनशील लोकांच्या यकृताला त्रास देऊ शकतो. सिलोनच्या जातीत तो नाममात्र असतो. युरोपात त्याची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरतात, आणि जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने कॅशियात सरासरी किलोमागे सुमारे तीन ग्रॅम कूमारिन धरलं आहे. या हिशेबाने आपल्या साडेचार ग्रॅम कॅशियात (फळातले चार आणि गोळ्यांवरचा अर्धा) साडेतेरा मिलिग्रॅम, आणि आठांतल्या एका वाट्यात सुमारे १.७ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाची मर्यादा सहा, पंधरा किलोच्या मुलाची दीड. कधीतरी खाल्ल्याने काही होत नाही, ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्यासाठीची आहे. पण घरात आठवड्यातून दोन-तीनदा दालचिनीचं काही होत असेल, तर मुलांच्या वाट्याला कोकणची किंवा सिलोनची ठेवा.

बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम देतात आणि ते योग्यच आहे. गार, दुधाळ चव कॅशियाचा तिखटपणा गोल करते. सिलोन घातलेल्या पीचच्या कॉब्लरबरोबर मात्र न गोड केलेली फेटलेली साय किंवा घट्ट चक्का जास्त शोभतो, आइस्क्रीममधली व्हॅनिला तिथे आड येते. उरलेला कॉब्लर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी फळातली दालचिनी आणखी मुरलेली असते, पण गोळे रस पिऊन मऊ पडलेले असतात. मायक्रोवेव्हमध्ये ते रबरासारखे होतात, म्हणून १७० अंशांवर पंधरा मिनिटं ओटीजीतच गरम करा, पहिली दहा मिनिटं झाकून आणि शेवटची पाच उघडं ठेवून.